हरभऱ्याचे डोहाळे

पडावाचा पूल चढता चढता गजरा तिसऱ्यांदा थांबली. कठड्याला टेकली, पदर थोडा बाजूला केला, बाळाच्या नाकापुढे बोट धरलं आणि मान हलवून पुन्हा चालू लागली. मागून येणाऱ्या इंदुताईंनी हे तिन्ही वेळा पाहिलं. पहिल्या खेपेला ती काय करते ते त्यांना कळलं नव्हतं. आता कळलं होतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कंपूतून दोघी निघाल्या तेव्हा नुकतं दिसू लागलं होतं. बाड्यावरची दुकानं बंद होती, पाटणकर बाजारात झाडूवाले होते, आणि फूलबागेपर्यंत वारा तरी गार होता. ज्येष्ठातलं ग्वाल्हेरचं ऊन, आठ वाजले की अंगाला चटके देतं. मुरारची अजून निम्मी वाट बाकी होती.

"अगं, तांगा करू या. पैसे मी देते."

"नको, इंदुताई. परवा अस्पतालातून तांग्यानं आणलं तर धक्क्यानं ओकला. चमचाभर गेलं होतं पोटात, तेवढंही बाहेर आलं. चालतच बरं."

"मग दे त्याला माझ्याकडे थोडा वेळ. दमलीस."

"दमली नाही. हलका आहे तो."

हलका होता, हेच तर दुखणं होतं. बावीस दिवसांचं पोर, पण इंदुताईंच्या तळहातापासून कोपरापर्यंत मावेल एवढं. गजराची सोळा वर्षं अजून पुरी व्हायची होती. तिच्या अंगावर दूध उतरत नव्हतं. कंपूतल्या डॉक्टरांनी बाळाला पालथं-उताणं करून पाहिलं, आईचे डोळे खाली ओढून पाहिले आणि म्हणाले, रोग काही नाही, आईला खायला घाला. मग एक चिठ्ठी लिहून दिली. मुरारला बाळंतिणींच्या केंद्रावर दुधाची भुकटी वाटतात, दहा वाजेपर्यंत. लष्करच्या केंद्रावरची संपली होती. नवी मागवायची तर कागद आता भोपाळला जायचा, आणि भोपाळहून केव्हा काय येईल ते कुणाला सांगता येत नव्हतं.

त्या साली लष्करात सगळ्याच गोष्टींचं उत्तर भोपाळ हे होतं.

गजराचे सासरे शिंदेशाहीच्या रिसाल्यात दफेदार होते. संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, रिसाला मोडला, घोडे कुठे कुठे गेले, आणि त्यानंतर दोन वर्षांत सासरेही गेले. त्यांच्या मागे विधवेला मिळणारं पेन्शन चालू होतं, तोवर घर कसंबसं उभं होतं. मुलगा सूर्याजी मोतीमहालातल्या कचेरीत पट्टेवाला लागला होता. मग छप्पन्न सालच्या दिवाळीच्या सुमारास मध्य भारतही मोडला, नवं राज्य झालं, आणि कचेऱ्या उठल्या. कपाटं, टेबलं, दोरीनं बांधलेली दप्तरं गाड्या भरभरून भोपाळला गेली. दप्तरांबरोबर सूर्याजी गेला. दप्तरांतच कुठेतरी त्याच्या आईच्या पेन्शनचे कागदही गेले. तिथे त्याला राहायला घर नव्हतं. एका बराकीत वीस जण झोपत. पगार कधी व्हायचा, कधी जुन्या-नव्या याद्या जुळत नाहीत म्हणून अडायचा. मनिऑर्डर आली की एक महिना चूल पेटायची, मग पोस्टमनची वाट.

गजराला आई नव्हती. मामा मानसिंगराव यांनी तिला वाढवलं, चौदाव्या वर्षी लग्न करून दिलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा मामाकडे जायचं ठरलेलंच होतं. पण मामाही त्याच कचेरीतले. तेही भोपाळला गेले आणि चार बिऱ्हाडांत एका खोलीचे वाटेकरी झाले. "माझं माहेरही सरकारनं उचलून नेलं," गजरा हसून म्हणायची. तिला सगळं हसूनच सांगायची सवय होती.

हे सारं इंदुताईंना ठाऊक होतं. त्या मराठी मुलींच्या शाळेत शिकवत, गजरा राहायची त्या घरांच्या लाइनीपासून दोन गल्ल्या सोडून राहत. मूलबाळ नव्हतं. यजमान माधवराव, देवपूजा, शाळा, एवढा संसार. तोंडानं फटकळ, पण खोटं बोलायच्या नाहीत, अशी त्यांची कंपूभर ख्याती. दोन शेजारणींचं भांडण झालं की न्यायनिवाड्याला इंदुताईंना बोलवायचे. ठाऊक सगळं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं.

चैत्रात गौर बसली. लष्करच्या मराठी घरांतून तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत हळदीकुंकवं चालत. आज ह्यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. सवाष्णींची ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरायची, कैरीची डाळ द्यायची, पन्हं द्यायचं. त्या वर्षी घरं निम्म्यावर आली होती. निम्म्या गौरी भोपाळला. तरी उरलेल्यांनी कंबर बांधून साजरं केलं.

गजराला सहावा सरून सातवा लागला होता. ती एकही घर सोडत नव्हती. कुणी बोलावणं विसरलं तरी यायची, सर्वांत आधी यायची, पन्हं दोनदा घ्यायची. डाळ तर अशी खायची की द्रोण धुऊन ठेवल्यासारखा. ओटीतले हरभरे पदरात घट्ट बांधून न्यायची.

"डोहाळे लागलेत हो पोरीला, हरभऱ्याचे!" उषाताई म्हणाल्या. उषाताईंचे यजमान दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळे बाळंतपणाच्या गोष्टीत त्यांचा शब्द वरचढ. "मुलगाच होणार. घोडेस्वाराचा नातू, तो दुसरं काय मागणार!"

सगळ्या हसल्या. मग जी ती गजराच्या ओटीत एक ओंजळ जास्त घालू लागली. डोहाळे पुरवायचे असतात. गर्भारशीचं मन मोडलं तर पाप लागतं. भुकेलीला आणि डोहाळे लागलेलीला एकाच द्रोणातून वाढतात, पण एकीला विचारतात आणि दुसरीला विचारत नाहीत. गजराला कुणी काही विचारलं नाही.

इंदुताईंच्या घरी हळदीकुंकू झालं त्या दिवशी गजरा दोन घरं आधीच करून आली होती. ओटी भरून झाली. ती पदराला गाठ मारू लागली, तर गाठ पेरूएवढी झाली होती. इंदुताईंच्या तोंडून निघून गेलं, "काय गं गजरा, रोज एवढे हरभरे नेतेस, घरी घोडा बांधलाय की काय? पागा तर सरकारनं केव्हाच मोडली!"

घर हसण्यानं भरलं. उषाताईंना तर ठसका लागला. गजराही हसली. हसता हसता तिनं गाठ सोडली आणि अर्धेअधिक हरभरे परातीत परत ओतले. "वाटेत सांडले असते," म्हणाली. गौरीला वाकून नमस्कार केला आणि निघाली.

त्यानंतर ती कुणाकडेच आली नाही. अक्षय तृतीयेला अजून अकरा दिवस होते.

इंदुताईंना वाटलं, जड झाली असेल, सासूनं घराबाहेर पडू नको म्हटलं असेल. एकदा डोकावून आल्या. सासू, गजराच्या आत्याबाई, ओसरीवर माळ घेऊन बसलेली. फराळाला काही आणू का म्हटलं तर ती म्हणाली, "आज सोमवार माझा." गुरुवारी गेल्या तर दत्ताचा गुरुवार. शनिवारी मारुतीचा. मंगळवारी मांढरेच्या मातेचा. इंदुताई घरी येऊन माधवरावांना सांगत होत्या, "केवढी निष्ठा हो त्या बाईची! ह्या वयात आठवड्याचे चार उपास. आपल्याला एक एकादशी जड जाते."

बाळ आठव्यातच झालं. सुईण दुसऱ्या दिवशी इंदुताईंच्या दारात येऊन बसली. पाणी मागितलं आणि म्हणाली, "बाई, अळीव-डिंकाचं राहू द्या. कणकेचा डबा उघडला तर आत मुंगीसुद्धा नव्हती. मुंग्या काय खायला येतील तिथं?"

इंदुताईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. उपासांचे सगळे वार एकेक करून त्यांच्यापुढे उभे राहिले.

त्या दिवसापासून त्या डबा नेऊ लागल्या. पण सासू डबा घेईना. लोकाघरचा डबा रिकामा परत करायचा नसतो, चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, आणि घालायला घरात काही नव्हतं. "डबा तुमच्याकडेच राहू द्या, मला नको परत," असं इंदुताईंनी निक्षून सांगितलं, तेव्हा घेतला. असे सात-आठ डबे तिकडे जमले. पण पोराच्या अंगावर मूठभर मांस चढलं नाही. बारसंही राहिलं. बारशाला घुगऱ्या वाटायच्या, त्यांना हरभरे हवेत. मनिऑर्डर आली की करू, असं सासू म्हणत होती.

पूल उतरून, स्टेशन मागे टाकून दोघी ठाटीपूरच्या अलीकडे आल्या तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. रस्त्याकडेच्या लिंबाखाली इंदुताईंनी गजराला जबरदस्तीनं बसवलं. पिशवीतली दशमी तिच्या हातावर ठेवली. गजरानं तुकडा मोडला, खाल्ला, पुन्हा बाळाच्या नाकापुढे बोट धरलं.

"गजरा," इंदुताई म्हणाल्या. बावीस दिवस हा प्रश्न त्यांच्या घशात होता. "चैत्रात ते हरभरे नेऊन तू काय करायचीस गं?"

"अर्धे वाटेतच खायची. घरी पोचेतो संपायचे." गजरा हसली. "अर्धे आत्याबाईंना. त्यांना कोण बोलावणार हळदीकुंकवाला? त्या वाटून आमटी करायच्या. पातळ केली तर दोन दिवस चालायची."

"आणि मी त्या दिवशी बोलले, म्हणून बंद केलंस ना?"

"नाही हो."

"माझ्याकडे बघून सांग."

गजरानं बघितलं नाही. दशमीचा दुसरा तुकडा मोडत म्हणाली, "तुमच्यावर नाही रागावली मी. मला तर हसू आलं होतं. घरी जाऊन आत्याबाईंनाही सांगितलं, त्या हसतील म्हणून. नाही हसल्या. म्हणाल्या, सूनबाई, आपल्या घोड्याला सरकारातून हरभरे यायचे. आपण कुणाच्या दारातून नाही आणले. आता जाऊ नकोस."

"अगं, मी नुसती थट्टा केली गं."

"ठाऊक आहे, इंदुताई."

एवढंच म्हणून ती उठली. इंदुताईंना वाटत होतं, तिनं एखादा शब्द लावून बोलावं, तर बरं वाटेल. तिनं बाळावरचा पदर नीट केला आणि पुढे झाली. इंदुताई तिच्या मागे चालत राहिल्या, मनात रामाचं नाव घेत. पण नाव नीट येत नव्हतं. मध्येच पेरूएवढी गाठ डोळ्यांपुढे यायची.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. पडवीत चाळीसेक बायका, कुणाच्या कडेवर पोर, कुणाचं पोट पुढे. आत एका मोठ्या लोखंडी पिंपात दूध कालवलेलं, त्यात लांब दांड्याची पळी. सिस्टर उंच, काळीसावळी, घाईची. चिठ्ठी वाचून तिनं गजराला रांगेतून पुढे घेतलं, बाळाला काट्याच्या झोळीत ठेवलं, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं.

"बच्चे का नाम?"

"अभी रखा नहीं," इंदुताई म्हणाल्या.

सिस्टरनं वहीत नावाच्या जागी एक आडवी रेघ ओढली. मग पेलाभर दूध काढून गजरापुढे केलं. "पियो."

"बाळासाठी आहे ना ते?" गजरा इंदुताईंना म्हणाली.

"इसको नहीं, तुमको। तुम पियोगी तो इसको मिलेगा। और यहीं पियो, मेरे सामने। घर ले जाती हो तो सब मर्द पी जाते हैं।"

"आमच्या घरी मर्द नाहीच कुणी," गजरा मराठीतच पुटपुटली आणि त्याही वेळी जरा हसली. पेला तोंडाला लावला. पहिला घोट हळू घेतला. मग तिला धरवेना. घटाघटा, श्वास न घेता प्यायली, ओठांवरून हनुवटीवर ओघळ आला तो बोटानं पुसून बोटही चाटलं. सिस्टरनं न विचारता दुसरा पेला भरला. तोही गेला. इंदुताई पडवीच्या खांबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पोर जेवताना बघणं त्यांना शाळेत नवं नव्हतं. हे बघवेना.

पेला ठेवून गजरानं बाळाला छातीशी धरलं. त्यानं तोंड उघडलं नाही. तिनं ओठांवर दाबून पाहिलं, गालाला बोट लावलं, नावच नव्हतं म्हणून "ए, ए राजा" म्हणाली. सिस्टर आली, चमच्यानं दोन थेंब सोडले. एक आत गेला, एक कडेनं बाहेर आला. तिनं बाळाचे तळवे आपल्या मुठीत धरले, पापणी वर केली.

"माताजी," ती ह्या वेळी इंदुताईंना म्हणाली, आवाज खाली घेऊन, "बड़े अस्पताल ले जाइए। अभी। पैदल नहीं।"

मोठं अस्पताल लष्करातच होतं; दाराशीच तांगा मिळाला. भुकटीचा पुडा इंदुताईंच्या मांडीवर, बाळ गजराच्या. तांगेवाला म्हातारा होता, घोडा त्याच्याहून म्हातारा. गजरा सारखी म्हणत होती, "भैया, धीरे। धक्का लगता है।" आणि इंदुताई म्हणत होत्या, "भैया, जल्दी।" तो बिचारा कधी लगाम सैल करी, कधी ओढी. भाजणारी लू सुटली होती. इंदुताईंनी आपल्या पदराचा आडोसा धरला. सकाळी चालत गेल्या त्याच वाटेनं सगळं उलटं येत होतं. लिंबाचं झाड, मग स्टेशन, मग पूल.

पुलावर गजरानं बाळाच्या नाकापुढे बोट धरलं. धरून ठेवलं. इंदुताई बघत होत्या. सकाळी ती मोजून दोन क्षण बोट धरायची आणि मान हलवायची. ह्या वेळी पूल चढून झाला, उतरून झाला, तरी बोट तिथंच होतं. मग तिनं ते काढून घेतलं आणि पदर बाळाच्या तोंडावरून ओढला. मान हलवली नाही.

"क्यों अम्मा, बच्चा सो गया?" तांगेवाल्यानं न वळता विचारलं.

"हाँ भैया," गजरा म्हणाली. "सो गया।"

इंदुताईंनी पदराखाली हात घालून पावलं चाचपली. एवढ्या उन्हात ती गार होती. त्यांनी हात तसाच ठेवला.

"भैया, फूलबाग पे रोक दो," गजरा म्हणाली.

"अगं, अस्पताल—"

"काय करायचंय आता, इंदुताई? इथून चालत जाऊ. तांगा दारात थांबला तर आत्याबाई धावत बाहेर येतील. वाट बघत असतील, दूध घेऊन आलो म्हणून."

तांगा गेला. फूलबागेच्या कठड्याच्या सावलीत गजरा बसली, आणि तेव्हा रडली. आवाज न करता, वाकून, पोर पोटाशी धरून, जणू ते पुन्हा आत घ्यायचं आहे. इंदुताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मणके मोजता येत होते. "माझं चुकलं गं पोरी," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं." गजरानं ते ऐकलं की नाही कळलं नाही. थोड्या वेळानं ती उठली, डोळे पुसले, आणि दोघी चालू लागल्या. बाड्यावर आता गर्दी होती. कुणी ओळखीचं दिसलं की गजरा बाळाला थोपटायची.

कंपूचं वळण आलं. लाइनीतलं तिसरं दार तिथून दिसत होतं. दारात पांढरं लुगडं नेसलेली सासू उभी होती, डोळ्यांवर हात धरून. आज बुधवार होता. उपास कुठल्या देवाचा सांगितला असेल कोण जाणे.

गजरा थांबली. इंदुताईंच्या मांडीवरून हातात आलेला भुकटीचा पुडा तिनं पाहिला, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"इंदुताई, एक ऐकाल माझं?"

"सांग."

"मी सांगितलं तर आत्याबाई मानणार नाहीत. तुमचं खरं मानतात त्या. सगळेच मानतात. तुम्ही सांगा, त्यानं दूध प्यायलं म्हणून. पोटभर प्याला आणि झोपेत गेला, असं सांगा." तिनं पदराच्या टोकानं आपले ओठ पुसले. पुसण्याजोगं तिथं काही नव्हतं. तरी पुन्हा पुसले. "आणि ते माझ्या पोटात गेलं, हे नका सांगू."